प्रॅक्टिसला लागतो, सामन्यात हुकतो

पत्र: मी अकरावीत आहे, ऐरोलीला राहते. कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल टीमची यंदा कॅप्टन आहे. आम्ही चौदा जणी. शनिवार-रविवार सकाळी दीड तास मैदान मिळतं, सर येतात. सामान म्हणजे चोवीस चेंडू, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या बॅट, एक लाकडी, एक जुनी टी (चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा) आणि क्रिकेटचं नेट. सर पिचिंगच्या जागेवरून चेंडू टाकतात, प्रत्येकीला पंधरा. प्रॅक्टिसला माझे पंधरातले दहा-बारा मस्त लागतात. पण गेल्या तीन सामन्यांत नऊ वेळा बॅटिंगला गेले आणि पाच वेळा स्ट्राइकआउट झाले. बाकीच्यांचंही तसंच. काही जणी म्हणतात, वर्गणी काढून घोडबंदर रोडच्या एखाद्या बॉक्स टर्फवर बोलिंग मशीन भाड्याने घेऊ. घ्यावं का? आणि आठवड्याचे पाच दिवस मैदान नसतं, तेव्हा सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीने काय करावं? – कॅप्टन, ऐरोली

उत्तर: वर्गणीचं नंतर बघू. आधी तुमच्या दीड तासाचा हिशेब.

चौदा जणींना पंधरा म्हणजे २१० चेंडू. एकीच्या वाट्याला बॅट हातात घेऊन पाच-सहा मिनिटं येतात आणि उरलेली ८४ मिनिटं ती लांब उभी राहून चेंडू वेचते किंवा गप्पा मारते. त्या पाच मिनिटांतही पंधराच्या पंधरा चेंडू एकाच वेगाचे, सरळ, मधोमध. सहाव्या-सातव्या चेंडूपर्यंत हातांना वेळ पाठ होते, पुढचे आठ त्या पाठांतरावर लागतात. शिवाय सरांनी दमून टाकलेला चेंडू सोडणं म्हणजे तो वाया घालवणं, म्हणून तू सगळेच मारतेस. सामन्यात मात्र दुसरा चेंडू पहिल्यासारखा येत नाही आणि बरेचसे चेंडू मारायचेच नसतात. मारू की सोडू, हा प्रश्न प्रॅक्टिसला तुला कोणी विचारतच नाही. नवातले पाच स्ट्राइकआउट बहुधा तिथून आलेत. स्विंगची डागडुजी त्यानंतरची.

(इथे एक सोय करून ठेवते. हातातल्या वस्तूला ‘चेंडू’ म्हणेन आणि अंपायर जो देतो त्याला ‘बॉल’, म्हणजे झोनच्या (मारण्याजोग्या पट्ट्याच्या) बाहेरून गेलेला आणि तू सोडलेला; नाहीतर घोटाळा होतो. झोनमधला सोडला किंवा मारताना हुकला तर ‘स्ट्राइक’, तीन झाले की स्ट्राइकआउट.)

दुसरी अडचण वेळेची. पिचिंग रबरपासून (पिचर जिथून टाकते ती पट्टी) होम प्लेट (हिटरसमोरची जमिनीतली पाटी) १८.४४ मीटर, म्हणजे ६० फूट ६ इंच. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत चेंडू साधारण १६.८ मीटर प्रवास करतो. समोरची पिचर ताशी ८५ किलोमीटरने टाकत असेल तर तुझ्याकडे ०.७ सेकंद असतात. सर त्याच जागेवरून खांदा सांभाळून ताशी ६० ने टाकत असतील तर एक पूर्ण सेकंद. तू आठवड्याला पंधरा-पंधरा चेंडूंवर एक सेकंदाचा सराव करतेस आणि परीक्षा ०.७ ची देतेस. उशीर होणारच.

यावर उपाय जोरात टाकणं हा नव्हे, जवळून टाकणं हा आहे. १० मीटरवरून ताशी ५० ने टाकलेला चेंडू ०.७२ सेकंदात पोचतो. हा वेग कोणालाही दीड तास झेपतो, आणि चेंडू पडतोही हवा तिथे. तुमच्या विरोधी टीमचा नेमका आकडा काढायचा असेल तर सामन्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ घ्या. पिचरच्या हातातून चेंडू सुटला ती फ्रेम आणि कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) गेला ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे २१ फ्रेम भरल्या की ०.७ सेकंद. मग १० मीटरवरून टाकणाऱ्याचा व्हिडिओ काढून त्याचे २१ जुळवा. झालं तुमचं मशीन.

पण १० मीटरवर उघड्यावर उभं राहून कोणी टाकायचं नाही, सरांनीही नाही. बॅटवरून सरळ परत येणारा चेंडू तिथे चुकवता येत नाही. त्यासाठी एल-स्क्रीन लागते. साधारण ७ फूट बाय ७ फुटांची पाइपची चौकट आणि वरच्या एका कोपऱ्यातून अंदाजे ३ फूट बाय ३ फुटांचा तुकडा कापलेला, म्हणून ती ‘एल’ दिसते. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या हाताला कापलेला भाग येतो. हात त्या खिडकीतून बाहेर, बाकीचं शरीर जाळीमागे, आणि चेंडू सुटताच डोकंही जाळीमागे. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला हे चित्र काढून दाखवलं तर तो दीड इंची पाइपात करून देईल. पाय रुंद ठेवायला सांगा, वाऱ्याने किंवा चेंडूने पालथी पडायला नको. जाळी नायलॉनची, दुहेरी, आणि भोक ४५ मिलीमीटरपेक्षा मोठं नसलेली. बेसबॉलचा व्यास ७३ ते ७५ मिलीमीटर असतो, पण जुन्या जाळीचं भोक ताणून मोठं होतं. जाळी पाइपला घट्ट ताणून बांधू नका, थोडी सैल हवी, म्हणजे चेंडूचा जोर तिथेच जिरतो. पाइपवर फोमची पट्टी गुंडाळा, नाहीतर पाइपला लागलेला चेंडू बॅटिंग करणारीच्याच तोंडावर परत येतो. आणि दर शनिवारी सुरुवातीला जाळीची भोकं बघण्याचं काम एकीला नेमून द्या. वर्गणी काढायचीच असेल तर या चौकटीसाठी काढा.

टाकणाऱ्याने खांद्यावरून, शिवणीवर आडवी दोन बोटं ठेवून, सरळ आणि चपळ टाकायचं. लोंबता झेल दिल्यासारखा चेंडू नको, त्याने बॅट खालून वर न्यायची सवय लागते. तरीही १० मीटरवरचा चेंडू खऱ्यापेक्षा जरा जास्त वरून उतरतो. ही उणीव राहतेच, म्हणून रविवार वेगळा ठेवायचा. त्याबद्दल पुढे.

शनिवार असा लावा. पंधरा मिनिटं धावणं, खांदे मोकळे करणं, थ्रो. मग चार गट, ४, ४, ३ आणि ३ जणींचे. चार जागा आणि प्रत्येक जागी १६ मिनिटं. पहिली जागा स्क्रीनसमोर, दुसरी टी, तिसरी शटल (बॅडमिंटनचं, पुढे सांगते), चौथी बेसवर धावणं आणि मैदानात चेंडू अडवणं. चौथ्या जागेवरच्या मुलींनी खरोखर फील्डिंगच्या जागी उभं राहून बॅटवरून आलेला चेंडू खेळायचा. मारलेला ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) सांगून येत नाही, म्हणून फील्डिंगचा तो सर्वांत चांगला सराव असतो. एकच धोका: ज्या वेळी बॅटवरून चेंडू येतोय त्याच वेळी कोणी पाठ करून चेंडू वेचू नये. वेचणं फक्त डबा रिकामा झाल्यावर, सगळ्यांनी मिळून.

चोवीस चेंडू म्हणजे चौघींना सहा-सहा. एक डबा टाकायला तीन-सव्वातीन मिनिटं, वेचायला दीड, अशा तीन डब्यांत १६ मिनिटं संपतात. एकीला १८ चेंडू मिळतात, तुझ्या पंधरापेक्षा तीनच जास्त. पण ते तीन हप्त्यांत येतात, आणि दर हप्त्याला तुला नव्याने वेळ पकडावी लागते. सामन्यात हेच करायचं असतं: अर्धा तास डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) बसून मग अचानक उठून. टाकायचे एकूण २५२ होतात, तेव्हा सरांसोबत दुसरी एखादी अचूक टाकणारी हवी, निम्मे-निम्मे.

तीन फेऱ्या एकसारख्या नकोत. पहिलीत दोन बंट (बॅट न फिरवता आडवी धरून चेंडू जवळच टाकणं) आणि चार चेंडू उलट्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या हिटरने पहिल्या बेसच्या दिशेला. त्यासाठी चेंडूला अंगाजवळ येऊ द्यावं लागतं, घाईची सवय मोडते. दुसऱ्या फेरीत सरमिसळ. टाकणाऱ्याने सहांपैकी दोन मुद्दाम बाहेर टाकायचे, एक हळू टाकायचा, आणि कितवा कुठला ते कोणाला कळू द्यायचं नाही. इथे सहा चेंडू म्हणजे सहाच. सोडलेल्याच्या बदल्यात जादा मिळत नाही आणि बाहेरचा चेंडू मारला तर पुढचा एक गमावला. सोडताना मोठ्याने ‘सोड’ म्हणायचं, क्रिकेटमध्ये ओरडतो तसं, आणि बॅट अर्ध्यात लटकवायची नाही. तिसऱ्या फेरीत काउंट (आधी बॉल, मग स्ट्राइक अशी मोजणी) धरून खेळायचं: पहिली मुलगी शून्य बॉल दोन स्ट्राइकवर, दुसरी तीन-एकवर, तिसरीला दुसऱ्या बेसवर धावपटू आणि कोणी बाद नाही. तीन-एकवर आपल्या आवडत्या जागेचाच चेंडू मारायचा, बाकी सोडायचा. दोन स्ट्राइकवर बॅट दोन बोटं वर धरायची, झोनच्या कडेचाही मारायचा, निदान फाउल करायचा (रेषेबाहेर घालवायचा).

सरमिसळीला मुली कुरकुरतील. लय बसत नाही म्हणतील, आणि खरंच त्या दिवशी कमी लागतील. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंवर याचा प्रयोग झाला होता. प्रत्येक जादा सत्रात ४५ चेंडू: १५ फास्टबॉल (जोराचे), १५ कर्व्ह (वळणारे), १५ चेंजअप (फसवे, हळू). एका गटाला पंधरा-पंधराच्या ओळीने दिले, दुसऱ्याला तेच ४५ उलटसुलट. सहा आठवड्यांनी ओळीने खेळलेल्यांची सुधारणा सुमारे २५ टक्के निघाली, उलटसुलटवाल्यांची सुमारे ५७. जादा सराव न केलेला गट ६ टक्क्यांवर होता. चेंडू तेच, संख्या तीच.

आता झोन. प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटर. पण चेंडूचा नुसता काठ वरून गेला तरी स्ट्राइक, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक चेंडू धरला तर तुला ५८ सेंटीमीटर राखायचे असतात. उंची गुडघ्याच्या खालच्या खळग्यापासून ते खांदा आणि पँटचा पट्टा यांच्या मध्यापर्यंत. हे डोळ्यात बसवायचा फुकटचा मार्ग म्हणजे तुमच्या पिचर कॅचरला टाकत सराव करतात तेव्हा हेल्मेट घालून बॅटर्स बॉक्समध्ये नुसतं उभं राहणं. स्विंग अजिबात नाही. पाय उचल, टाक, आणि चेंडू मिटमध्ये जायच्या आत ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’ म्हण. कॅचर बरोबर-चूक सांगेल. आठवड्याला वीस चेंडू असे बघितलेस तर महिन्याभरात बाहेरच्या चेंडूमागे जाणं कमी होईल. पिचरलाही समोर कोणीतरी उभं असल्याचा सराव होतो.

टीकडे मुली ‘लहान मुलांचं’ म्हणून बघतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगो पाद्रेस संघाकडून २० हंगाम खेळून .३३८ ची सरासरी आणि आठ वेळा लीगचा बॅटिंगचा किताब मिळवणारा टोनी ग्विन टीवर सातत्याने सराव करायचा. टीवरची नेहमीची चूक एकच: टी प्लेटच्या मधोमध ठेवून तिच्या शेजारी उभं राहणं. मग चेंडू पोटासमोर लागतो, आणि सामन्यात तिथे लागलेला चेंडू म्हणजे उशीर झालेला चेंडू. टीच्या तळाकडे बघूच नका. जमिनीवर प्लेटच्या मापाचा रबराचा तुकडा टाका, त्याला धरून नेहमीसारख्या उभ्या राहा आणि चेंडू कुठे हवा ते ठरवून टी सरकवा. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत. आतला त्याच्या एक वीत पुढे. बाहेरचा रेषेच्या जवळपास एक वीत मागे, प्लेटच्या पलीकडच्या काठावर. आतला चेंडू तिसऱ्या बेसकडे, मधला पिचरच्या डोक्यावरून, बाहेरचा पहिल्या-दुसऱ्या बेसच्या मधून गेला पाहिजे. पाच-पाचच्या फेऱ्या, दर पाचांनंतर टी हलवायची, उंचीही बदलायची. स्विंगआधी प्रत्येक वेळी पिचरच्या जागेकडे बघून मग नजर चेंडूवर आणायची. सतत टीकडे टक लावून मारलं तर सराव डोक्याचा होतच नाही. नेट निदान दोन मीटर लांब.

तुमची जुनी टी मोडली तर नवी घेण्याआधी प्लंबिंगच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइप आणा, खाली जड तळ द्या आणि वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा बसवा. पाइपला बॅट लागली तरी ट्यूब वाकते, बॅटला पोचे पडत नाहीत.

लागलेला चेंडू कुठे गेला त्यावरून चूक ओळखता येते, त्यासाठी कोच लागत नाही. (उजव्या हाताच्या हिटरचं सांगते, डावरीने उलटं वाचावं.) तिसऱ्या बेसच्या बाहेर एकामागून एक फाउल: तू लवकर निघतेस. पहिल्या बेसच्या बाहेर फाउल, हातांना झिणझिण्या: उशीर, किंवा बॅट पेलत नाही. सरळ मागे, नेटच्या वरच्या कडेला जाणारा फाउल: वेळ बिनचूक, फक्त बॅट दोन बोटं खालून गेली. याने निराश होऊ नकोस, लागण्याच्या सर्वांत जवळची ती चूक. सतत उंच झेल: मागचा खांदा पडतोय. तिसऱ्या बेसकडे मेलेले ग्राउंडर: मनगट चेंडूला लागायच्या आत वळतंय, किंवा बाहेरचा चेंडू आत ओढतेस. बॅटवर कुठे लागला तेही बघ. बॅरलच्या (बॅटच्या जाड भागाच्या) टोकापासून १२ ते १८ सेंटीमीटरच्या पट्ट्यात लागला तर हाताला काही जाणवत नाही. लाकडी बॅटवर थोडी खडूची पूड लावली की ठसे दिसतात.

ठाणे-नवी मुंबईतली जवळजवळ प्रत्येक बेसबॉल मुलगी आधी गल्लीत क्रिकेट खेळलेली असते, म्हणून तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ड्राइव्हला पुढे टाकतो तसा लांब पाय इथे घातक ठरतो. डोकं वीतभर खाली जातं आणि चेंडू वर उडी मारल्यासारखा वाटतो. इथे पाऊल १५-२० सेंटीमीटर पुरे, आणि ते चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच टेकलेलं हवं. दुसरी, टप्प्याची वाट बघणं. टप्पा येणारच नाही. नजर पिचरच्या हातातून चेंडू जिथून सुटतो त्या चौकोनावर. तिसरी, चेंडू मारून बॅट घेऊन पळणं. प्रॅक्टिसमध्ये शेवटच्या चेंडूवर पहिल्या बेसपर्यंत धावायचं आणि बॅट टाकायची, भिरकवायची नाही. बाकी, चेंडू उशिरापर्यंत बघण्याची क्रिकेटची सवय सोन्यासारखी आहे, ती सोडू नका.

रविवार खऱ्या पिचिंगचा. तुमच्याच तीन पिचर, १८.४४ वरून पूर्ण जोराने, कॅचर सगळ्या गार्डसकट, हिटरच्या डोक्यावर दोन्ही कान झाकणारं हेल्मेट. प्रत्येकीला दोन वेळा बॅटिंग, काउंट एक-एकपासून सुरू. सरासरी चार चेंडू धरले तरी ११०-११५ होतात, एका पिचरच्या वाट्याला ३८ च्या आसपास. त्याहून जास्त टाकायला लावू नका. निकाल जो असेल तो, स्ट्राइकआउट झाली तर झाली, पुढची या. शनिवारच्या बदलाचा उपयोग होतोय का ते इथे कळतं.

आता मशीन. बॉक्स टर्फवरचं मशीन क्रिकेटसाठी लावलेलं असतं, तोंड उंच आणि खाली झुकलेलं. बेसबॉलसाठी तोंड साधारण पाच-साडेपाच फुटांवर आणून चेंडू टप्पा न पडता गुडघा ते कंबर या पट्ट्यात येईल असं लावावं लागतं. ते बदलता येतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा. तुमचे शिवणीचे चेंडू त्यात घालू नका. चाकाला कधी शिवण लागते, कधी चामडं, आणि चेंडू भलतीकडे जातो; कधी थेट कानाकडे. मशीनचे खळगे असलेले रबरी चेंडूच वापरा, आणि त्यावर लाकडी बॅट नको, चेंडू जड आणि टणक असतो, लाकडाचे पापुद्रे निघतात. बॉक्समध्ये जाळीमागचे लोखंडी खांब किती जवळ आहेत तेही बघा, तिथून चेंडू उलटा येतो. एवढं जमलं तरी मशीनचा हात दिसत नाही, हाच त्याचा मूळ दोष. चेंडू अचानक टपकतो आणि तुझं पाऊल कधी उचलायचं हे कशावरून ठरवायचं तेच हरवतं. भरणाऱ्याने चेंडू वर धरून दाखवावा, हात खाली-वर करावा आणि मग सोडावा, दर वेळी त्याच लयीत. त्याने निम्मं काम होतं. बंटसाठी आणि जोराचा चेंडू नुसता डोळ्याने बघण्यासाठी मशीन चांगलं, वेळ पकडायला वाईट. पंधरा दिवसांतून एकदा, सामाईक खर्चात, ठीक. शनिवारच्या बदली नको.

घरी काय करायचं? तुमच्या किंवा शेजारच्या सोसायटीत बॅडमिंटन चालतच असणार. तिथे टाकून दिलेली शटल गोळा कर, पिसाची किंवा नायलॉनची, तुटकी सोडून. जपानी बेसबॉलमध्ये शटल मारण्याचा सराव सर्रास होतो, आणि त्यामागे कारण आहे. हवा पिसांना धरून ठेवते, त्यामुळे शटल जोरात सुटतं आणि तुझ्याजवळ येईपर्यंत एकदम मंदावतं. घाई करणारी दर वेळी आधी बॅट फिरवते आणि हुकते. थांबून मारणारीलाच लागतं. टाकणारी चार-पाच मीटरवर, बुच पुढे करून, खांद्यावरून. ती जाळीमागे उभी हवी, शटल डोळ्यात गेलं तर चेष्टा नाही. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, त्यांत काही बाहेर टाकायचे. बॅट जड पडत असेल तर ३ सेंटीमीटर जाडीचा, हातभर लांब लाकडी दांडा घे, नजरेला तो जास्त कठीण. खाली पार्किंगच्या जागेत करणार असशील तर गाड्या नसलेला कोपरा आणि सेक्रेटरींची परवानगी, दोन्ही आधी. काच फुटत नाही, पण आवाजावरून मीटिंग होते.

कोणी टाकायला नसेल तर आरशासमोर कोरडे स्विंग, दिवसाला ३०, सहा-सहाच्या पाच फेऱ्यांत. दर वेळी डोक्यात चेंडू ठरव: आतला, बाहेरचा, खालचा. सहांतला एक सोड. बॅट फिरते त्याच्या बाहेर दीड मीटर मोकळं हवं. सहाव्या मजल्यावर बाल्कनीत मुळीच नको.

पावसाळ्यात चामड्याचा चेंडू भिजला की जड होतो, शिवण फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. जून ते सप्टेंबर ते चोवीस चेंडू पिशवीत ठेवा आणि मैदान ओलं असेल तेव्हा टेनिस चेंडू वापरा. दांड्यावर बॅडमिंटनची ओव्हरग्रिप गुंडाळा, घामाने किंवा पावसाने बॅट हातातून निसटून मागच्या मुलीला लागू शकते. वीज चमकली की अ‍ॅल्युमिनियमची बॅट खाली आणि सगळ्या आत.

दिवसाला ७०-८० जोरदार स्विंगच्या पुढे जाऊ नकोस, टी आणि शटल धरून. थकलेले हात चुकीचा स्विंग घोटवतात. खालच्या हाताच्या तळव्याचा करंगळीखालचा गुबगुबीत भाग दुखत राहिला, मूठ आवळताना कळ आली, तर त्याला फोड समजून पट्टी लावत बसू नकोस. बॅटच्या मुठीच्या टोकाचा गोळा तिथेच दाबला जातो आणि तिथल्या हॅमेट नावाच्या छोट्या हाडाला चीर जाऊ शकते. साध्या एक्स-रेत ती सहज दिसत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला ‘बॅटचा गोळा इथे लागतो’ असं स्पष्ट सांग.

कॅप्टन म्हणून एक वही घाल. प्रत्येकीच्या नावापुढे चारच आकडे: कडक लागले, फाउल, हुकले, आणि बाहेरचे असून मारले. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. चार आठवड्यांत तो निम्म्यावर आला तर कडक लागलेल्यांचा आकडा वाढायला लागेल, उलटं होत नाही. आकडे भिंतीवर लावू नकोस, ज्याचे त्याला दाखव.

सामन्याच्या सकाळी काही नवीन नाही. टीवर दहा, स्क्रीनवरून सहा, दोन बंट, बस. मग समोरची पिचर सराव करत असेल तिथे सुरक्षित अंतरावर उभी राहा आणि तिचा हात सुटला की मनात मोज, मिटचा आवाज येईपर्यंत. तिच्या चेंडूवर तुझं पाऊल कधी उचलायचं ते बॉक्समध्ये जाण्याआधी ठरलेलं हवं.